कागद नसलेली मुलं जन्मभूमीत शिकायला जातात, ती परत कशी येतात?

प्रश्न : अमेरिकेत वाढलेल्या, पण तिथे राहण्याचे कायदेशीर कागद नसलेल्या मेक्सिकन मुलामुलींचा गट महिनाभर मेक्सिकोत शिकायला गेला आणि सुखरूप परतला, असं वाचनात आलं. ज्याच्याकडे कागदच नाहीत तो विमानात बसतो कसा? परत आल्यावर त्याला आत घेतात कसे? आणि शिकायलाच जायचं, तर आपल्याच देशात कशाला? विचारायला आणखी एक कारण आहे. आमच्या शेजारच्या काकूंचा नातू २००६ साली, तीन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला गेला. २००९च्या मंदीत वडिलांची नोकरी गेली, व्हिसा संपला आणि ते तिथेच राहिले. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. असा एखादा अभ्यासक्रम इकडे नाही का, ज्याच्या निमित्ताने नातू त्यांना भेटून जाईल? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : बाई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा अवघड आहे. म्हणून आधी मेक्सिकन मुलांचं सांगतो. त्यांची गोष्ट नीट कळली की काकूंच्या नातवाचं उत्तर आपोआप जवळ येईल.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. ही मुलं अगदीच कागदाविना नसतात. ज्या देशात जन्म झाला त्या देशाचं नागरिकत्व त्यांच्याकडे असतं आणि तिथला पासपोर्ट त्यांना वकिलातीतून मिळतो. मेक्सिकोच्या वकिलाती अमेरिकेत पन्नासच्या आसपास आहेत, त्यामुळे मेक्सिकन मुलांना तो मिळवणं तुलनेने सोपं जातं. त्यांच्याजवळ नसतो तो अमेरिकेत राहण्याचा परवाना. म्हणजे अमेरिकेबाहेर पडणं कठीण नाही. कोणीही विमानात बसून निघून जाऊ शकतो. प्रश्न सगळा परतीचा असतो.

ही मुलं मुळात तिथे अडकली कशी, ते समजून घ्यायला थोडं मागे जायला हवं. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून शेतीसाठी मजूर बोलावले. ‘ब्रासेरो’ नावाच्या त्या योजनेत ४५ लाखांहून अधिक करार झाले. मजूर हंगामाला यायचे, पैसे गाठीला बांधायचे आणि गावी परतायचे. योजना बंद झाली तरी शेतमालकांची गरज संपली नाही आणि मजुरांची वाटही मोडली नाही. आता ते परवान्याशिवाय यायचे, एवढाच फरक. बायकामुलं गावीच असत. पुढे १९९४मध्ये सान दिएगोच्या बाजूला सीमेवर कडक पहारा सुरू झाला, कुंपणं वाढली, सीमा ओलांडून देणाऱ्या दलालांचे दर चढले. पहाऱ्याचा हेतू लोकांना बाहेर ठेवण्याचा होता, पण आत असलेले लोकच त्यामुळे आत कोंडले गेले. एकदा गावी गेलो तर पुन्हा येता येईल याची खात्री उरली नाही. मग दरवर्षी गावी जाणाऱ्या बापाने जाणं थांबवलं आणि बायकोमुलांनाच बोलावून घेतलं. चाकरमान्यांना एखाद्या वर्षी कोणी सांगितलं, की गणपतीला कोकणात जा, पण कशेडी घाट उतरलात तर दहा वर्षं मुंबईत पाऊल ठेवता येणार नाही, तर काय होईल, याची कल्पना करा. पहाऱ्याने लोक आत कसे कोंडले गेले, हे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिलं आहे.

‘दहा वर्षं’ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. १९९६च्या अमेरिकी कायद्यानुसार, परवान्याशिवाय १८० दिवसांहून अधिक काळ राहून जो देश सोडतो त्याला तीन वर्षं परत येता येत नाही. वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिला असेल तर दहा वर्षं. वयाची अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचा काळ यात धरत नाहीत, तेवढी सवलत आहे. पण एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत परवाना मिळाला नाही आणि त्यानंतर देश सोडला, तर दहा वर्षं दरवाजा बंद होतो. आणि ती दहा वर्षं सरली, तरी व्हिसा मिळेलच असं नाही.

या मुलांना हे सगळं बहुधा उशिराच कळतं. १९८२मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की मुलाकडे कागद नाहीत म्हणून त्याला सरकारी शाळेतून वगळता येणार नाही. त्यामुळे बारावीपर्यंत मूल इतरांसारखंच वाढतं. शाळेची प्रतिज्ञा म्हणतं, फुटबॉल खेळतं, इंग्रजीत स्वप्नं बघतं. मग सोळाव्या वर्षी सगळे मित्र गाडी चालवण्याचा परवाना काढायला जातात, कॉलेजच्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा रकाना येतो आणि आई गप्प होते. अभ्यासक रॉबर्टो गोन्झालेस यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या अशा तरुणांचा बारा वर्षं मागोवा घेतला. २०१५मध्ये आलेल्या त्यांच्या ‘लाइव्ह्ज इन लिंबो’ या पुस्तकात हाच काळ तपशिलाने आला आहे. शाळा संपते त्या दिवशी या मुलांच्या पायाखालचं संरक्षणही संपतं. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत त्यांना मिळत नाही. टेक्सस आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २००१मध्ये त्यांना स्थानिक विद्यार्थ्यांच्या दराने फी भरण्याची मुभा दिली, तेव्हा कुठे विद्यापीठाची पायरी आवाक्यात आली. टेक्ससची ती मुभा २०२५मध्ये न्यायालयातून गेली.

त्याच २००१ साली या मुलांना कायमचा परवाना देणारं ‘ड्रीम ॲक्ट’ विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं. त्यावरून या मुलांना ‘ड्रीमर’ म्हणू लागले. विधेयक अनेकदा आलं आणि अनेकदा पडलं. २०१०मध्ये ते प्रतिनिधिगृहात संमत झालं, पण सिनेटमध्ये पुढे सरकायला साठ मतं लागतात तिथे पंचावन्न पडली. अखेर १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने कायद्याऐवजी प्रशासकीय आदेशाने ‘डाका’ ही योजना जाहीर केली. सोळा वर्षांचे होण्याआधी अमेरिकेत आलेले, १५ जून २००७पासून सलग तिथे राहिलेले, योजना जाहीर झाली त्या दिवशी एकतीस वर्षांच्या आतले आणि शिकत असलेले किंवा शिकलेले तरुण यात बसत. त्यांना दोन वर्षं हद्दपारीपासून अभय आणि काम करण्याची परवानगी मिळे. दोन वर्षांनी नूतनीकरण. आजवर आठ लाखांहून अधिक जणांना याचा लाभ झाला. २०२४मध्ये ‘डाका’ चालू असलेल्यांची संख्या सव्वापाच लाखांच्या आसपास होती आणि त्यातले जवळपास ऐंशी टक्के मेक्सिकोत जन्मलेले होते.

याच योजनेत एक छोटी खिडकी होती. तिचं नाव ‘ॲडव्हान्स पॅरोल’. तुरुंगातल्या पॅरोलशी तिचा संबंध नाही. देश सोडण्याआधीच सरकारकडून परत येण्याची लेखी परवानगी घ्यायची, एवढाच तिचा अर्थ. ती तीनच कारणांसाठी मिळे : मानवतेची निकड, म्हणजे आजारपण, अंत्यविधी वगैरे, नोकरीचं काम, आणि शिक्षण. सुट्टीसाठी नाही. ‘आजीला बघावंसं वाटतं’ हे कारण अर्जात चालत नाही. आजी अंथरुणाला खिळली असेल आणि डॉक्टरांचा दाखला असेल, तर चालतं. आजी धडधाकट असेल तर नातवाला अभ्यासक्रमात नाव घालावं लागतं. मला यातला क्रूरपणा नजरेआड करता येत नाही. माणूस धडधाकट असताना भेटण्यासाठी सरकारला विद्यापीठाचं पत्र दाखवावं लागतं.

इथे एक भारतीय धागा आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. ‘पॅरोल घेऊन बाहेर गेलो, तरी तो देश सोडणंच झालं, मग दहा वर्षांची बंदी लागू होईल का?’ ही भीती वकिलांना अनेक वर्षं होती. तिचं उत्तर एप्रिल २०१२मध्ये, ‘डाका’च्या दोनच महिने आधी, अमेरिकेच्या स्थलांतर अपील मंडळाने दिलं. खटला एका भारतीय नवराबायकोचा होता. त्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित होता आणि तेवढ्यात म्हाताऱ्या आईवडिलांसाठी ते ॲडव्हान्स पॅरोल घेऊन भारतात येऊन गेले होते. मंडळाने म्हटलं, की आधी परवानगी घेऊन केलेला असा प्रवास बंदीसाठी ‘देश सोडणं’ धरता येणार नाही. भारतातल्या म्हाताऱ्या आईबापांसाठी केलेल्या त्या फेऱ्यांमुळे पुढे हजारो मेक्सिकन मुलांची परतीची वाट मोकळी झाली.

आता प्रत्यक्ष प्रवासाचं. कॅलिफोर्नियात लाँग बीच इथे ‘कॅलिफोर्निया-मेक्सिको स्टडीज सेंटर’ ही संस्था आहे. तिथल्या राज्य विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक आर्मांदो वास्केस-रामोस यांनी ती उभी केली आणि २०१४पासून ‘डाका’धारकांना अभ्यासासाठी मेक्सिकोत नेणं सुरू केलं. तुम्ही वाचलेला गट त्यांचाच किंवा त्यांचं पाहून निघालेल्या दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाचा असावा. विद्यार्थ्याने आय-१३१ नावाचा अर्ज भरायचा, सोबत अभ्यासक्रमाची रूपरेषा, संस्थेचं पत्र, जाण्यायेण्याच्या तारखा जोडायच्या. एप्रिल २०२४पासून अर्जाची फी ६३० डॉलर झाली. उत्तराला कित्येक महिने लागतात, त्यामुळे मंजुरी येईपर्यंत सत्रच उलटून गेल्याचे प्रकार होतात. मंजुरी हाती येण्याआधी सीमा ओलांडली तर ‘डाका’ रद्द. आणि मंजुरी म्हणजे हमी नव्हे, हे त्या कागदावरच लिहिलेलं असतं. विमानतळावरचा अधिकारी नकार देऊ शकतो. म्हणून परतताना या मुलांना रांगेतून बाजूला काढतात, वेगळ्या खोलीत बसवतात, कागद तपासतात. तास, दोन तास, कधी जास्त. मग पासपोर्टवर ‘पॅरोल’चा शिक्का बसतो आणि आपण ज्या शहरात लहानाचे मोठे झालो, त्या शहरात ती मुलं पहिल्यांदा रीतसर प्रवेश करतात.

खर्चाचा भार मोठा असतो. परदेशी शिकायला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी गिलमन, फुलब्राइट, बोरेन अशा सरकारी शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या नागरिकांसाठी. ही मुलं वर्गणी काढतात, चर्चमध्ये जेवणं करून विकतात, उन्हाळाभर दोन नोकऱ्या करतात.

तुमचा पुढचा प्रश्न : शिकायला आपल्याच देशात कशाला? इथे मला तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. ‘आपला देश’ हे आपण बाहेरून म्हणतो. दोन वर्षांचं असताना जो देश सोडला, तो आईच्या बोलण्यात, भिंतीवरच्या फोटोत आणि फोनवरच्या आवाजांत असतो. त्याचे रस्ते ठाऊक नसतात. या मुलांची स्पॅनिश स्वयंपाकघरातली असते. रागावायला, लाड करायला, भाजी मागायला पुरते. निबंध लिहायला पुरत नाही. आपल्याकडची तिकडे वाढलेली मुलं आजीशी फाड्फाड् मराठी बोलतात आणि देवनागरीत नाव लिहायची वेळ आली की अडतात, तशीच ही. म्हणून मेक्सिको सिटीत, कुएर्नावाकात त्यांच्यासाठी खरोखरच वर्ग असतात. मेक्सिकोचा इतिहास, स्थलांतराचा अर्थव्यवहार, १९९४च्या मुक्त व्यापार करारानंतर स्वस्त अमेरिकी मका आल्यावर छोट्या शेतकऱ्यांचं काय झालं, गावं कशी ओस पडली. अमेरिकन वर्गात हे धडे असतात, पण तिथे ते दुसऱ्या कोणाचे असतात. इथे बसलेल्या मुलाला त्या आकड्यांत आपला बाप दिसतो. आईवडिलांनी आपल्याला न विचारता का नेलं, हा राग त्यातली कित्येक मुलं वर्षानुवर्षं मनात घेऊन असतात. तो राग त्या वर्गात जागा बदलतो. मला वाटतं, हे शिक्षण कुठल्याही परदेशी सत्रापेक्षा खरं आहे. अभ्यासक्रमाला ‘निमित्त’ म्हणून हिणवणाऱ्यांनी तो वाचावा.

वर्ग संपले की काही दिवस मोकळे असतात. मुलं वाहाका, मिचोआकान, हालिस्को, पुएब्ला अशी आपापल्या गावांकडे पांगतात. तिथे आजी भेटते, नाही तर आजीची कबर. ज्यांना फोनवर बघितलं ते मामा-मावश्या उंचीने लहान निघतात. घरात आपल्या नावाची खोली नसते, पण आपले शाळेतले फोटो कपाटाच्या काचेत लावलेले असतात. आईला यातलं काहीच बघता येणार नसतं, कारण तिला ‘डाका’ नाही. म्हणून मुलं तिच्यासाठी फोनवर चित्रण करत फिरतात : अंगण, विहीर, बाजार, चर्च. कित्येकांना तिथे पहिल्यांदाच कळतं, की आपण इथले म्हणूनही ओळखले जात नाही. बोलण्याच्या धाटणीवरून, चालण्यावरून, टॅक्सीवाल्याला पैसे देण्याच्या पद्धतीवरूनही ‘तिकडचा’ म्हणून ओळखतात. ते बोचतं. पण दोन्हीकडे परकं असणं एकट्याच्या नशिबात नाही, बरोबरच्या वीस जणांचंही तेच आहे, हे एका बसमध्ये बसून कळणं वेगळं.

मेक्सिको सिटीत त्यांची गाठ आणखी एका गटाशी पडते, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. क्रांती स्मारकाच्या आजूबाजूला एक वस्ती आहे, तिला लोक ‘लिटल एल.ए.’ म्हणतात. तिथल्या कॉल सेंटरांत शेकडो तरुण अमेरिकन ग्राहकांशी अस्सल अमेरिकन इंग्रजीत बोलतात. तीही अमेरिकेतच वाढलेली मुलं. फरक एवढा, की त्यांना हद्दपार केलं गेलं, किंवा बाप हद्दपार झाला म्हणून, विद्यापीठाची दारं बंद झाली म्हणून, ती स्वतःहून परतली. ‘डाका’ येण्याआधी परतलेल्यांना तर योजनेचा अर्जही करता आला नाही. त्यांना ‘दुसरे ड्रीमर’ म्हणतात. ‘लोस ओत्रोस ड्रीमर्स’ या नावाचं त्यांच्या कहाण्यांचं पुस्तक २०१४मध्ये निघालं. त्यांच्यातल्याच काहींनी ‘ओत्रोस ड्रीम्स एन आक्सिओन’ ही संघटना उभारली आणि ‘पोचा हाउस’ नावाचं घर काढलं, जिथे परतलेल्यांना शाळेचे दाखले मान्य करून घ्यायला, ओळखपत्र काढायला मदत मिळते आणि अर्धी इंग्रजी अर्धी स्पॅनिश बोलली तरी कोणी हसत नाही. पॅरोलवर आलेला मुलगा तिथे बसतो तेव्हा त्याच्यासमोर, एखादी तारीख इकडची तिकडे झाली असती, तर तो स्वतः जसा असता, तसा मुलगा बसलेला असतो. एकाच शाळेत गेलेले, एकाच महामार्गाच्या कडेला वाढलेले दोघं. संध्याकाळी एक जण विमानतळावर जाणार आणि दुसऱ्याला जाता येणार नाही. मेक्सिकोच्या इतिहासाचे सगळे तास एकीकडे आणि ही एक भेट एकीकडे.

टीका करणारे म्हणतात, हा मागचा दरवाजा आहे. त्यात तथ्याचा एक कण आहे, तो लपवू नये. सीमा चोरून ओलांडून आलेल्याने अमेरिकी नागरिकाशी लग्न केलं, तरी अमेरिकेत राहून त्याला सहसा ग्रीन कार्ड मिळत नाही, कारण त्याचा प्रवेशच रीतसर नव्हता. पॅरोलवर परतलेल्याचा ताजा प्रवेश मात्र रीतसर ठरतो. त्यामुळे ज्यांचं नागरिकाशी खरंखुरं लग्न झालेलं आहे, अशांपैकी काहींना पुढे अर्ज करता आला. पण सरकारने स्वतः तपासून, शिक्का मारून, दिवसाउजेडी उघडलेल्या दारातून कोणी आत आलं, तर त्याला मागचं दार कसं म्हणायचं?

हे दार नीट उघडं कधी राहिलंच नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ट्रम्प सरकारने ‘डाका’ गुंडाळण्याची घोषणा केली आणि पॅरोलचे प्रलंबित अर्ज बंद करून फी परत केली. तीन वर्षं एकही गट गेला नाही. जून २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घोषणा रीत पाळून झाली नाही म्हणून रद्द ठरवली. तरी सरकारने पॅरोल अपवादापुरताच ठेवला. ४ डिसेंबर २०२० रोजी न्यू यॉर्कच्या एका न्यायाधीशांनी सगळी योजना मूळपदावर आणली आणि २०२१च्या उन्हाळ्यात गट पुन्हा निघाले. पण त्याच वर्षीच्या जुलैत टेक्ससमधल्या न्यायालयाने नवे ‘डाका’ अर्ज मंजूर करायला बंदी घातली. जुन्यांचं नूतनीकरण तेवढं चालू राहिलं. जानेवारी २०२५मध्ये अपील न्यायालयानेही योजनेविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर बदललेलं वातावरण पाहून अनेक वकील ‘डाका’धारकांना सांगतात, की मंजुरी हातात असली तरी अगदी गरज असल्याशिवाय बाहेर जाऊ नका.

एखाददुसऱ्या तारखेने माणूस कसा बाहेर राहतो, याचं एक उदाहरण होझे अंतोनियो वार्गास यांचं. फिलिपिन्समधून १९९३मध्ये बारा वर्षांचे असताना आजीआजोबांकडे आलेले. पुढे मोठे पत्रकार झाले, पुलित्झर मिळालेल्या चमूत होते. २०११मध्ये त्यांनी आपल्याकडे कागद नाहीत, हे स्वतःच लिहून जाहीर केलं. ‘डाका’ आली तेव्हा त्यांचं वय होतं एकतीस वर्षं चार महिने. मर्यादा एकतिसाच्या आत. त्यांनी स्वतःवर काढलेल्या ‘डॉक्युमेंटेड’ या माहितीपटासाठी कॅमेरा घेऊन माणसं फिलिपिन्सला त्यांच्या आईकडे गेली. त्यांना स्वतःला जाता आलं नाही.

मेक्सिकोबाहेरच्यांना हे आणखी जड जातं. कोरियात जन्मलेले काही हजार जण ‘डाका’त आहेत. त्यातल्या तरुण मुलांना कोरियात पाय ठेवण्याआधी तिथल्या सक्तीच्या लष्करी सेवेचा विचार करावा लागतो. भारतीयांची ‘डाका’तली संख्या दोन हजारांच्याही आत आहे. अमेरिकेत परवान्याशिवाय राहणाऱ्या भारतीयांचे अंदाज मात्र सव्वादोन लाखांपासून सव्वासात लाखांपर्यंत आहेत. फेब्रुवारी २०२५मध्ये लष्करी विमानातून अमृतसरला जे १०४ जण उतरवले, त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. म्हणजे हा विषय आपल्यापासून तितका लांब नाही. आपल्याकडे त्याची चर्चा होते ती बहुतेक एच-वन बीवर गेलेल्यांच्या मुलांपुरती. ग्रीन कार्डाच्या रांगेत आईवडील, आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की त्या रांगेतून बाहेर. तीही मोठी वेदना आहे, पण त्या मुलांचा व्हिसा चालू असेपर्यंत ती निदान सुट्टीत पुण्याला येऊन जातात. ज्यांचा व्हिसाच गेला, त्यांच्याविषयी आपल्या समाजात मौन आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती कुटुंबं दिसतात, आरतीला उभी राहतात आणि ‘यंदा भारतात कधी?’ या प्रश्नाला दरवर्षी ‘बघू’ म्हणतात.

भारतात असा अभ्यासक्रम आहे का? परराष्ट्र मंत्रालयाचा ‘नो इंडिया प्रोग्राम’ आहे, तरुणांना काही आठवडे भारत दाखवणारा. पण तो परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या मुलांसाठी आहे. काकूंच्या नातवाकडे अजून भारताचंच नागरिकत्व आहे, तेव्हा तो त्यात बसत नाही. पुण्यात ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ मराठीचे उत्तम वर्ग चालवते. ‘डाका’ असलेल्या विद्यार्थ्याला त्याच्या विद्यापीठाच्या पाठिंब्याने पॅरोलसाठी असा अभ्यासक्रम दाखवता येतो. म्हणजे अभ्यासक्रमाची अडचण नाही. अडचण ‘डाका’ची आहे.

काकूंच्या नातवाचं गणित मांडू. तो २००७च्या आधी आला. २००९ला व्हिसा गेला असेल, तर योजना जाहीर झाली त्या जून २०१२मध्ये त्याच्याकडे परवाना नव्हता, आणि तो नसणं हीसुद्धा योजनेची अट होती. दोन्ही अटींत तो बसतो. पण अर्ज करायला वय पंधरा लागतं. २००३चा जन्म असेल, तर तो पंधरा वर्षांचा झाला २०१८मध्ये, जेव्हा नवे अर्ज बंद होते. ते उघडे राहिले डिसेंबर २०२० ते जुलै २०२१, अवघे सात महिने. तेव्हा तो सतरा-अठराचा होता. त्याच्या घरच्यांना विचारा : त्या सात महिन्यांत अर्ज केला होता का, आणि नुसता केला नव्हे, मंजूर झाला होता का? कारण त्या वेळी केलेले हजारो अर्ज मंजुरीविना तसेच पडून राहिले. मंजूर झाला असेल आणि नूतनीकरण चालू असेल, तर वकिलाच्या सल्ल्याने पॅरोलचा विचार करता येईल. ऐंशी ओलांडलेल्या आजीचं आजारपण असेल, तर शिक्षणापेक्षा तेच कारण सरळ आहे. डॉक्टरांचे कागद इथून इंग्रजीत तयार ठेवा.

मंजूर झाला नसेल, तर त्याने येऊ नये, असंच मी सांगेन. तो भारतीय नागरिक आहे, भारतात यायला त्याला कोणीही अडवणार नाही. पण अठरानंतरचं वर्ष कधीच उलटलं आहे. इथे आला की दहा वर्षांची बंदी सुरू होईल. त्याच्या बाजूने एक गोष्ट आहे : तो व्हिसावर, रीतसर आत गेला होता. पुढेमागे त्याने अमेरिकी नागरिकाशी लग्न केलं, तर तिथेच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो आणि अर्ज चालू असताना ॲडव्हान्स पॅरोल मागता येतो, त्या भारतीय नवराबायकोने केलं तसं. हे मी कागदांसाठी लग्न कर या अर्थाने मुळीच सांगत नाही. तसं लग्न तिथे गुन्हा आहे.

राहता राहिल्या काकू. नातू इकडे येऊ शकत नसेल, तर काकूंनी जायचा प्रयत्न करावा. त्यासाठी मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत भेटीचा व्हिसा मागायचा. अर्जाची फी १८५ डॉलर आहे. अर्जात ‘तुमची मुलं अमेरिकेत आहेत का आणि त्यांचा तिथला दर्जा काय’ असा प्रश्न येतो. त्याचं खरं उत्तर लिहिलं तर नकाराची शक्यता वाढते. खोटं लिहिलं आणि ते उघड झालं, तर त्यांच्यावर कायमची बंदी येऊ शकते. शिवाय त्या उत्तराने मुलाची माहिती सरकारी कागदावर जाते. तेव्हा साताऱ्यातल्या एजंटाच्या हातात अर्ज देण्याआधी, न्यू जर्सीतल्या मुलाने तिथल्या स्थलांतर वकिलाशी बोलून घ्यावं आणि काय लिहायचं ते ठरल्यावरच काकूंनी अर्ज भरावा.